इंदापूरच्या लाइनवरचा आवाज

१

ते साल दोन हजार चोवीस. त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी इतकं उतरलं, की पळसदेवचं बुडालेलं देऊळ पार पायरीपर्यंत उघडं पडलं आणि माणसं पोराबाळांना घेऊन ते बघायला जाऊ लागली. बारामतीतल्या हिरवाई शेतमाल मंडळीच्या कचेरीत मात्र देवळाचं नाव कुणी काढत नव्हतं. तिथं एकच विषय होता. इंदापूरच्या गोदामातून गेलेली डाळिंबाची गाडी.

गाडी दिवसाउजेडी गेली. माल अंथुर्ण्याच्या बागांतला होता, निवडून निवडून काढलेला, परदेशी जायचा. भाड्याची गाडी सकाळी दारात लागली, बायकांनी पेट्या भरल्या आणि गोदामाच्या लखननं फाटक उघडून तिला वाट दिली. थोड्या वेळानं खरी गाडी आली, तेव्हा कळलं की आधीची परकी होती. तिच्या नंबराची पाटीसुद्धा खोटी निघाली. हैदराबादच्या रस्त्याला लागेपर्यंत ती गाडी लोकांनी पाहिली. पुढं माग नाही.

संध्याकाळी मंडळीचे अध्यक्ष दत्तोबा, म्हणजे साऱ्यांचे आबा, कचेरीत येऊन बसले. समोर लखन उभा. पोरगा पळसदेवचा, मासेमाऱ्यांच्या घरातला, पण गोदाम असं राखायचा की तिथं उंदराला ओळख द्यावी लागायची.

“कुणाला इचारून सोडलीस गाडी?” आबांनी विचारलं.

“तुमालाच, आबा. तुमचाच फोन आला. गाडी सोड म्हनला तुमी.”

“मी?”

“व्हय. तुमीच.”

आबांनी खुर्ची मागं सारली. मग शांतपणे म्हणाले, “मी त्या येळेला काटेवाडीत गोठ्यावर हुतो. म्या फोन केला न्हाय.”

कचेरीतली सगळी माणसं लखनकडं वळली. कारण मंडळीचा एकच कायदा सगळ्यांना पाठ होता, आणि तो आबांनीच केला होता. आबांचा फोन आल्याशिवाय इंदापूरची गाडी हलायची नाही. कागद कसलाही असो. आबा म्हणत, “कागदावर अंगठा दुसऱ्याचा उठतो. आवाज दुसऱ्याचा उठत न्हाय.”

“सोमवारी सभा घेतो,” आबा उठता उठता म्हणाले. “तवर लखननं कामावर यायचं न्हाय. सभेत खरं बोलला तर ठीक, न्हायतर पोलिसांत द्यायचा. आन् बाहेरचं कुणी बोलवायचं न्हाय, त्या फोनवाल्या अजितला पन न्हाय. घरची गोष्ट घरात. आन् रतन, ते तुझं चाचणीचं फोन आजपासनं बंद. लय झाली थेरं.”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या रतनताईंनी मान डोलावली. रागात माणूस हाताला लागेल ते भिरकावतो, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचं लक्ष लखनकडं होतं. तो सगळ्यांना सोडून त्यांच्याकडं बघत होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच शब्दावर तो कामाला लागला होता.

२

रतनताईंचा जन्म गेला फोनमध्ये. बारामतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला चोंगा, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. पुणं मागितलं की पुणं, सोलापूर मागितलं की सोलापूर. लाइन धड आहे की नाही हे बघायला पलीकडच्या ऑपरेटरला “एक, दोन, तीन” म्हणायचं, तिनंही तेच परत म्हणायचं. पावसाळ्यात तारा ओल्या झाल्या की ‘तीन’ पोचायचंच नाही. कुणाच्या घरी मुलगा झाला, कुठं कोण गेलं, हे गावाच्या आधी त्या फळीला कळायचं. आणि फळीवरचं काही बाहेर सांगायचं नाही, ही तिथली शपथ होती. तारा गेल्या, फळी गेली, शपथ तेवढी ताईंजवळ राहिली.

निवृत्तीनंतर आबांनीच त्यांना बोलावून घेतलं. मंडळीचे फोन आता इंटरनेटवर चालायचे. शेतकरी भाव विचारायचे, फवारणीचा सल्ला घ्यायचे, आणि मधलाच एखादा शब्द गिळला गेला तर बाग जळायची. म्हणून प्रत्येक फोनचा आवाज कसा पोचला, तुटला का, उशिरा आला का, घुमला का, हे मोजलं जायचं आणि त्याला पाचपैकी गुण पडायचे. मोजायचं काम यंत्राचं. पण यंत्राला जे कळत नाही ते ऐकायला रतनताई, आणि त्यांनी तयार केलेली निकिता. निकिता तिशीच्या आतली, चटपटीत, बोटांत जादू असलेली. पोटच्या पोरीसारखी.

शिवाय चाचणीचे फोन असत. बारामतीचं यंत्र दर थोड्या वेळानं इंदापूरच्या गोदामातल्या कोपऱ्यातल्या एका मुक्या फोनला हाक मारायचं, ठरलेली वाक्यं ऐकवायचं, आणि पाठवलेला आवाज नि पोचलेला आवाज ताडून बघायचं. हे फोन कुणाच्या कानावर पडत नसत. यंत्र यंत्राशी बोलायचं.

त्या संध्याकाळी आबा कचेरीतून गेल्यावर ताई फोनच्या खोलीत शिरल्या. निकिता आधीच हेडफोन कानाला लावून बसली होती.

“सापडला?”

“नाही ना, ताई. आबांच्या नंबरावरून लखनच्या फोनला फोन लागला, एवढी खूण आहे. पण आवाज नाही. ध्वनिमुद्रणच नाही.”

“पुसलंय कुणी?”

“पुसायची मुभा फक्त आपल्या दोघींना आहे.”

तेवढ्यात दारात ऋषिराज आला. आबांचा नातू. त्याचे वडील तो लहान असतानाच अपघातात गेले, आबांनी त्याला तळहातावर वाढवला. मंडळीची विक्री आता तोच बघायचा. येताना हातात चहाचे कप घेऊन आला होता, ताईंचा बिनसाखरेचा.

“ताई, आबांची तब्येत बघवत नाही. लखननं असं करायला नको होतं.”

“त्यानंच केलं हे ठरलं का?”

“मग फोन केला कुणी? मी सकाळपासून इथं बारामतीच्या मार्केट यार्डात होतो. आबा गोठ्यावर. कचेरीत तर...” त्यानं निकिताकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. “जाऊ द्या. आबांच्या केबिनची किल्ली कुणाकडं असते, एवढंच म्हणतो.”

तो गेला.

आबांचा नंबर. आबांचा फोन केबिनमध्ये. किल्ली निकिताकडं. त्या सकाळी कचेरीत एकटी निकिता. मुद्रण पुसायची मुभा निकिताला. एक्स्चेंजच्या फळीवर एका भोकाला एकच तार आणि एका तारेला एकच घर, हे गणित ताईंच्या हाडात मुरलं होतं.

“निकिता,” ताई म्हणाल्या, “त्या सकाळी केबिनमध्ये कोण आलं होतं?”

“कुणीच नाही. मी फोनवर होते. ऋषिराजदादांशी, खोक्यांच्या लेबलांबद्दल. सारखा आवाज तुटत होता त्यांचा, तेच तेच परत विचारावं लागत होतं.” मग तिनं मान वर केली. “ताई, तुम्ही मला विचारताय? मला?”

ताईंची नजर केबिनच्या किल्लीवर गेली.

निकितानं कानावरचा हेडफोन काढला, टेबलावर ठेवला, पर्स उचलली. दारात वळून म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना, ताई, आधी दोन्ही बाजू ऐकायच्या. माझी बाजू कधी ऐकलीत?”

३

दुसऱ्या दिवशी रतनताई एसटीनं भिगवणला उतरल्या आणि रिक्षा करून पळसदेवला गेल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. लखनचं घर पाण्याच्या अंगाला होतं, पण पाणीच इतकं लांब गेलेलं की होड्या चिखलात पालथ्या पडल्या होत्या.

दारात लखनची आई फुलाबाई जाळं विणत होती. ताईंना बघून ती उठली नाही.

“या की. तुमीच लावला हुता न्हवं त्याला कामाला? आता न्याया आलाव का पोलिसांत?”

“ऐकायला आलेय, फुलाबाई.”

“ऐका की मंग. सगळ्या गावानं ऐकलंय. चोराची आय म्हनून हाका मारत्यात मला बाजारात. काल मासळीच्या पाटीला कुनी हात लावला न्हाय.”

लखन आतून आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. ताई उंबऱ्यावरच टेकल्या.

“मला शब्दाला शब्द सांग. त्यांनी काय म्हटलं, तू काय म्हटलास.”

“शब्दाला शब्द सांगितलंय की आबास्नी. त्याच सांजंला, समद्यांम्होरं उभं करायच्या आदी, आत केबिनमधी बोलवून घेतलं हुतं मला.”

“आबांना? काय म्हणाले?”

“कायबी न्हाय. गप बसले. मग म्हनले, त्ये मागचं आवाजाबिवाजाचं कुणापुढं बोलू नगंस, लोक येडा म्हनतील तुला.”

“मागचा कुठला आवाज?”

लखननं हनुवटी खाजवली. “आता तुमीबी येडाच म्हनाल. फोन आला. आबा म्हनले, लखन, मी दत्तोबा बोलतोय. जेवान झालं का? आता ताई, सकाळची येळ. सकाळी कोन इचारतं जेवान झालं का म्हनून? चा झाला का म्हनत्यात. पर मोठं मानूस, मी कशाला बोलतोय. मग म्हनले, गाडी सोडून दे, कागद मागनं येतील. मी म्हनलं, आबा, गाडी परकी दिसती, ड्रायव्हरबी नवा हाय. तर माझं बोलनं अर्ध्यात आसताना फोन बंद.”

ताई पुढं सरकल्या.

“आणि मागं?”

“मागं कारखान्याचा भोंगा वाजत हुता.”

फुलाबाई जाळ्यावरून मान वर करून म्हणाली, “येड्या, वैशाखात कसला भोंगा? कारखाना बंद हाय की.”

“तेच तर म्हनतोय, आये. पर वाजला.” तो ताईंकडं वळला. “आन् दुसरं म्हंजे आवाज लय साफ. आठवडाभर बारामतीची लाइन अशी मरत हुती की दोन शब्द आलं की तिसरा गायब. रस्त्याचं काम चाललंय, केबल तुटतीया, असं म्हनत हुते. आन् हे मातूर म्होरं बसून बोलल्यावानी.”

ताई उठल्या. तो भोंगा त्यांनी ऐकला होता. त्याच शब्दांच्या मागे. दोन हिवाळ्यांपूर्वी, काटेवाडीत, आबांच्या ओसरीवर.

४

एसटीच्या खिडकीशी बसून ताईंना सगळं लख्ख आठवलं.

चाचणीच्या फोनांसाठी कंपनीनं पाठवलेली वाक्यं इंग्रजी होती, कुठल्या तरी गोऱ्या माणसाच्या आवाजात. ताईंनी ती काढून टाकली. “आपली माणसं अशी बोलतात का? आपल्या बोलीतला ‘ख’ आणि ‘ड’ लाइनवर टिकतो का, ते बघायला नको?” एक्स्चेंजमधलं “एक, दोन, तीन” तरी घालावं, असं निकिता म्हणाली होती. तेही ताईंना नको झालं. इंदापूरच्या लाइनवर रोज जे बोललं जातं तेच हवं. आणि तिथं रोज काय बोललं जायचं? आबांचा दुपारचा फोन. गाडी सोडायचा.

म्हणून त्या, निकिता आणि ऋषिराज काटेवाडीला गेले. निकिताच्या मोबाइलचा माइक बिघडला होता, म्हणून मुद्रण ऋषिराजच्या मोबाइलवर झालं. आबा पोत्यावर मांडी घालून हसत हसत बोलले, आणि नेमका मधेच कारखान्याचा भोंगा वाजला. “पुसा ते,” आबा म्हणाले, “भोंग्यापुढं माझं कोन ऐकणार?” पुन्हा एकदा घेतलं. नीट झालेलं मुद्रण ऋषिराजनं निकिताला पाठवलं. भोंग्याचं त्याच्याच मोबाइलवर राहिलं. ते पुसलं की नाही, कुणी विचारलं नाही.

म्हणजे लखनशी आबा बोललेच नव्हते. आबांचा साठवलेला आवाज बोलला होता. त्याला ना सकाळ कळत होती ना लखनचा प्रश्न.

पण मग तो इतका साफ कसा पोचला? लाइन तर मरत होती.

बारामतीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी अजितला फोन केला. फोन बसवणारा अजित. आबांनी बोलवायचं नाही म्हटलं होतं, विचारायचं नाही असं म्हटलं नव्हतं.

“अजित, आबांचा नंबर केबिनमधल्या फोनलाच बांधलाय ना?”

अजित हसला. “ताई, ते तुमच्या तारांच्या काळात. आता नंबर माणसाचा असतो, भिंतीचा नाही. आबांचा पासवर्ड टाकला की तो नंबर दिल्लीतल्या फोनवरसुद्धा उघडेल. घरच्या माणसाला पासवर्ड माहीत असणारच की.”

“आणि दोन्ही फोन एकाच इमारतीत असले तर?”

“मग आवाज बारामतीला येतच नाही. इथल्या इथं जातो. स्वच्छ. पाचपैकी पाच.”

“आणि मुद्रण?”

“मुद्रणाचं यंत्र बारामतीत. जी गाडी टोलनाक्यावरून गेलीच नाही, तिची पावती कशी फाडणार?”

म्हणजे मुद्रण पुसलंच नव्हतं. झालंच नव्हतं. फोन बारामतीहून आला नव्हता. इंदापूरच्या गोदामाच्याच आवारातून, भिंतीपलीकडून आला होता. आणि निकिता त्या वेळी बारामतीत बसली होती.

ताईंना रिक्षा करायचंही सुचलं नाही. त्या चालत निकिताच्या घरी गेल्या. दार निकितानंच उघडलं.

“मी चुकले,” ताई म्हणाल्या. “तुझी बाजू ऐकायला आलेय. त्या सकाळचं ऋषिराजशी झालेलं तुझं बोलणं मला ऐकव.”

निकिता हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं कॉम्प्युटर उघडला. ऋषिराजचा आवाज आला. “लेबलं... कालचीच ला... मी इथं या... आहे.” शब्दांची शेपटं एखाद्या बकरीनं खुडून खाल्ल्यासारखी. मग त्याच आठवड्यातले इंदापूरच्या गोदामातून आलेले दोन फोन ऐकले. तीच बकरी. शेवटी मार्केट यार्डातून आलेले फोन ऐकले. सगळे सुरळीत.

“यार्डात आहे म्हणाले होते,” निकिता हळू आवाजात म्हणाली.

“इंदापुरात होता.”

मग निकितानं उठून चहा टाकला. ताईंच्या कपात साखर घातली नाही, पण कप जरा जोरातच ठेवला.

५

ताईंनी एक गोष्ट केली, जी पुढं त्यांच्या मनाला फार लागली. सभेच्या आधी त्या काटेवाडीला आबांकडं गेल्या. म्हाताऱ्या माणसाला भरसभेत नातवाचं नाव ऐकावं लागू नये म्हणून.

आबा गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. ताईंनी सगळं सांगितलं. भोंगा, साफ आवाज, खुडलेले शब्द. आबांनी मधे एकदाही काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, “लय कष्ट घेतलंस, रतन. हे मनातच ठेव. सोमवारी सभेत मीच बोलतो. माझ्या घरची घाण मीच काढतो.”

ताईंचे डोळे भरून आले. एक्स्चेंजच्या दिवसांत, ताईंचे यजमान आजारी असताना, याच माणसानं रात्रंदिवस पुण्याच्या डॉक्टरांकडं धाव घेतली होती. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. परत आल्यावर त्यांनी हे सांगितलं, तेव्हा निकितानं फक्त एवढंच म्हटलं, “ताई, अजितदादांना सभेच्या दिवशी कचेरीच्या आसपास राहायला सांगू का? उगीच.” ताई म्हणाल्या, “तुला वाटतं तर सांग.”

सोमवारी सभेला सगळे आले. अंथुर्ण्याचे झुंबरराव, ज्यांच्या बागेतला निम्मा माल गेला होता. आणखी पाचसहा बागायतदार. ऋषिराज इस्त्रीच्या शर्टात. लखन दाराशी, आणि त्याच्या मागं फुलाबाई, डोक्यावर पदर ओढून. टेबलाच्या मधोमध सभेचा फोन, बाहेरगावच्या सभासदांचं बोलणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला.

आबा उभे राहिले.

“लखन पोरसवदा हाय. त्याच्या हातनं चूक झाली. ती सांगायला त्याला तोंड नव्हतं म्हनून त्यानं माझं नाव घेतलं. मी मोठ्या मनानं माफ करतो. पोलिसांत द्यायचा न्हाय. कामावरनं काढायचा आन् विषय मिटवायचा.”

बागायतदारांनी माना डोलावल्या. आबा थोर माणूस.

ताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आपल्या कानांवरचा विश्वास उडाला. त्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी नजर दिली नाही.

आणि त्या क्षणी त्यांना पहिली संध्याकाळ आठवली. चाचणीचे फोन बंद कर, आबा म्हणाले होते. गाडी गेल्याच्या दिवशीच. चाचणीच्या फोनाचा या गाडीशी संबंध आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फक्त ज्याला लखननं शब्दाला शब्द सांगितलं होतं, ज्यानं ते शब्द स्वतः ओसरीवर बसून उच्चारले होते, त्यालाच ते कळणार होतं. म्हणून अजितला बोलवायचं नव्हतं. म्हणून भोंग्याचं बोलायचं नव्हतं. आबांना पहिल्या संध्याकाळपासून सगळं ठाऊक होतं.

ताई उठल्या आणि फोनच्या खोलीच्या दाराशी गेल्या. आत निकिता आणि अजित बसले होते.

“चाचणीचा फोन लाव,” त्या म्हणाल्या. “इंदापूरला नको. सभेतल्या फोनवर.”

६

ताई जागेवर येऊन बसतात न बसतात तोच टेबलावरचा फोन वाजला. झुंबररावांनी बटण दाबलं.

“लखन, मी दत्तोबा बोलतोय,” आबांचा आवाज खोलीभर झाला. “जेवान झालं का? गाडी सोडून दे. कागद मागनं येतील.”

आबांच्या तोंडात सुपारी होती. ओठ मिटलेले होते.

सगळ्यांनी फोनकडं बघितलं, मग आबांकडं, मग पुन्हा फोनकडं. झुंबरराव खुर्चीतून अर्धे उठले.

“हेच!” लखन ओरडला. “हेच बोलले हुते! ह्यात भोंगा न्हाय एवढंच.”

“कसला भोंगा?” झुंबरराव म्हणाले.

“कारखान्याचा. मागं वाजत हुता.”

“कारखाना शिमग्यालाच बंद झाला की रं.”

“म्हणूनच, झुंबरराव,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, फळीवर नंबर सांगावा तसं. आवाज दोन हिवाळ्यांपूर्वीचा होता. भोंग्याचं मुद्रण एकाच मोबाइलवर राहिलं होतं. फोन गोदामाच्या आवारातूनच झाला म्हणून साफ होता आणि म्हणूनच त्याचं मुद्रण नाही. यार्डात होतो म्हणणारा माणूस त्याच सकाळी इंदापूरच्या तुटक्या लाइनवरून बोलत होता. दारात उभ्या अजितनं भर घातली, “आत्ताच बघितलं मी. आबांचा नंबर त्या सकाळी इंदापूरच्या मागच्या खोलीतल्या फोनवर उघडला होता.”

ऋषिराज हसायला गेला. हसू अर्ध्यावर तुटलं, त्याच्या त्या सकाळच्या शब्दांसारखं. “आबा, सांगा ना यांना. मी कशाला असं...”

“गप,” आबा म्हणाले. तेवढंच.

“चोरीचा माल घेणारा व्यापारी कोण होता ते पोलीस काढतील,” झुंबरराव म्हणाले. “माझ्या बागेची फळं हुती ती, ऋषिराज. तुला कडेवर घेऊन त्याच बागेत हिंडवलंय मी.”

फुलाबाई पुढं आली. तिनं कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. ती आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आवाज दुसऱ्याचा उठत न्हाय म्हनत हुतासा न्हवं, आबा? माझ्या लेकाचा तर तुमी उठूच दिला न्हाय.”

सभा उठल्यावर खोलीत आबा आणि ताई दोघंच राहिले. आबांनी सुपारी थुंकली नाही, गिळली.

“माझ्या लेकाच्या मागं एवढंच पोरगं हाय, रतन. त्या व्यापाऱ्याच्या नादानं सोताची कंपनी काढायला निघालता. एकदा चुकला. लखनला काय, कुठंबी काम मिळालं असतं.”

“काम मिळालं असतं, आबा,” ताई म्हणाल्या. “नाव कुठं मिळालं असतं? आणि मी तुमच्याकडं आधी आले होते. सभेच्या आधी. तुमच्यासाठी.”

ताई छत्री घेऊन खाली उतरल्या. मागून हाक आली, पण त्या थांबल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आलेली हाक उचलली नाही.

७

पुढं ज्याचं त्याचं जे व्हायचं ते झालं.

ऋषिराजवर गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला, मग पुण्याकडं कुठंतरी राहायला गेला. काटेवाडीला फक्त दिवाळीला येतो, आणि तेही दिवस मावळल्यावर. ज्या व्यापाऱ्यासाठी हे केलं त्यानं त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही.

लखनला मंडळीनं मानानं परत बोलावलं. तो आला, पंधरवडा काम केलं, गोदामाच्या किल्ल्या झुंबररावांच्या हातात दिल्या आणि पळसदेवला गेला. आता त्याची स्वतःची होडी आहे. पाणी परत आलं तेव्हा देऊळ बुडालं, तसं त्या उन्हाळ्याचं बोलणंही बुडालं असं लोक म्हणतात. फुलाबाई म्हणत नाही. बाजारात अजून ती त्या कचेरीच्या माणसांना मासळी देते, पण वाढवून एकही तुकडा टाकत नाही.

झुंबरराव अध्यक्ष झाले. गाडीचा कायदा बदलला. आता फोन आला की लखनच्या जागेवरचा नवा माणूस स्वतः उलटा फोन लावतो आणि काहीतरी आडवंतिडवं विचारतो, ज्याला साठवलेला आवाज उत्तर देणार नाही. “म्हशीनं आज किती दूध दिलं?” असं काहीही. झुंबरराव कुरकुरतात, पण उत्तर देतात.

अजित अजून फोन बसवतो. निकिता फोनच्या खोलीची प्रमुख झाली. ताईंना ती अजून ताईच म्हणते, पण काही विचारायचं असलं की आधी म्हणते, “दोन्ही बाजू ऐकून घ्या हं.” ताई ऐकून घेतात.

आबा पुढच्या साली, आषाढात गेले. ताई काटेवाडीला भेटायला गेल्या होत्या. ओसरीवर जिथं पोतं असायचं तिथं बसल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या.

दुसऱ्या दिवशी निकितानं हळूच विचारलं, “ताई, चाचणीच्या वाक्यांचं काय करू? अजून तीच आहेत. आबांची.”

“ऐकव.”

“लखन, मी दत्तोबा बोलतोय. जेवान झालं का?” खोलीत तोच भरदार, मायेचा आवाज. पलीकडं यंत्रानं गुण दिले. पाचपैकी पाचाला जरासे कमी. इतका स्वच्छ.

ताईंनी पुढचं वाक्य यायच्या आत हात वर केला. “पुसून टाक.”

“नक्की?”

“नक्की. तुझ्या आवाजात घे. साधं घे.”

निकितानं माइक जवळ ओढला. खिडकीबाहेर पाऊस होता, पण आता ओल्या होणाऱ्या ताराच नव्हत्या. इंदापूरच्या कोपऱ्यातला मुका फोन पलीकडं कान देऊन बसला होता.

“एक,” निकिता म्हणाली. “दोन. तीन.”

तिन्ही पोचले.